हाकेला ओ देणारा कावळा

कावळे संपले तेव्हा सांगलीत कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. चिमण्या कमी झाल्या तेव्हा लोकांनी निदान लाकडी घरटी टांगली होती. कावळ्यांच्या वाट्याला साधा शोकफलकही आला नाही. कुठलासा विषाणू आला, दोन पावसाळ्यांत झाडं रिकामी झाली आणि सकाळी झोप जरा जास्त लागायला लागली, इतकंच.

अडचण लक्षात आली ती घाटावर, दहाव्या दिवशी. पिंड मांडलेले, माणसं उन्हात उभी, आणि वर आभाळ नुसतं निळं. गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववायचे. शास्त्राला ते चालतं, नातेवाइकांना चालत नाही. गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं होतं ते कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. जिवंतपणी कधी विचारलेलं नसतं, त्यामुळे उत्सुकता असते.

पुण्यातल्या ‘पितृतोष सोल्युशन्स’ या कंपनीने ही अडचण ओळखली आणि यंत्राचा कावळा बनवला. वजन अडीचशे ग्रॅम, रबरी पिसं, मान वाकडी करून एका डोळ्याने बघण्याची सवय. उडणं सोपं होतं, ते लग्नातला फोटोवाला ड्रोनसुद्धा करतो. कठीण होतं ते न उडणं. कुठल्या बोलण्यावर जागचं हलायचं नाही, हे त्याला कळायला हवं होतं. ते त्याला शिकवलं निनाद हर्डीकरने.

निनाद अठ्ठेचाळीस वर्षांचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशी त्याची कंपनीत ख्याती होती आणि ती त्याने कष्टाने मिळवली होती. गणपतीच्या कारखान्यात एक साचा असतो आणि त्यातून पाहिजे तितक्या मूर्ती निघतात, तसा त्याने पायथन या संगणकभाषेत ‘दिवंगत’ नावाचा साचा तयार केला. माणूस गेला की घरचे त्याचा फोन कंपनीकडे देत. त्यातले निरोप, आवाजी टिपणं, लिहून न पाठवलेले मजकूर, चोरून शोधलेल्या गोष्टी यांतून संगणक त्या माणसाच्या राहिलेल्या इच्छा वेचायचा आणि साच्यातून त्याची एक मूर्ती पाडायचा. प्रत्येक इच्छा म्हणजे त्या मूर्तीला येणारी एक कृती. प्रत्येक कृतीच्या पोटात कावळ्याने कधी उतरायचं त्याची अट आणि वर नाव, शब्द खालच्या रेघेने जोडलेले: ‘धाकटीचं_लग्न_कर’, ‘विहिरीचा_दावा_मागे_घे’.

घाटावर नातेवाईक एकेक वचन देत, माइक ते टिपे, त्याचा मजकूर होई. ‘मी’, ‘शपथेवर सांगतो’, ‘काळजी करू नका’ असला पाचोळा गाळला जाई, ‘करीन’चं ‘कर’ होई आणि उरलेल्या शब्दांचं नाव बने. इथे दुसरा कुणी असता तर त्याने जिना बांधला असता: असं म्हटलं तर हे कर, तसं म्हटलं तर ते कर, हजार इच्छांना हजार पायऱ्या. निनादने दोन ओळी लिहिल्या. आलेला मजकूर घे आणि त्या नावाची कृती या मूर्तीत आहे का बघ. असेल तर तिला हाक मार, नसेल तर गप्प बस. हाक कुणी मारली, ती कृती मुळात कुणी लिहिली, मधल्यामध्ये कुणी काढून तर टाकली नाही, यातलं काही त्या दोन ओळी विचारत नसत. त्या फक्त नाव शोधत. या दोन ओळींसाठी निनादला कंपनीने चांदीचा कावळा दिला होता.

कृती सापडली आणि तिची अट जुळली की कावळा उतरे, पिंडाला चोच लावे आणि गुरुजींच्या पिशवीतलं छोटं यंत्र प्रमाणपत्र छापे: ‘अमुक वचनावर कावळा शिवला.’ लोक ते चौकटीत घालून देव्हाऱ्याशेजारी लावू लागले. कोर्टाचा निकाल फिरवणारी माणसंही हा कागद फिरवत नसत. वरच्या कोर्टात जायची सोय नव्हती ना.

*

निनादचे वडील गजानन हर्डीकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय ब्याऐंशी, एका सकाळी चहा गाळता गाळता गेले. गाळणं त्यांच्या हातातून पिंट्याने घेतलं, चहा पुरा केला, दोन कप भरले आणि एक बाबांच्या शेजारी फरशीवर ठेवला. शेजारचे नेने आले तेव्हा त्याने त्यांना नेहमीप्रमाणे विचारलं, “जेवलात?”

पिंट्या हा निनादचा धाकटा भाऊ, वय चव्वेचाळीस, बुद्धी सहा वर्षांच्या मुलाची. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून बाबा आणि पिंट्या, दोघंच गावभागातल्या घरात. निनाद पुण्याहून वर्षातून दोनदा यायचा आणि दोघांनाही शर्ट आणायचा.

आता बाबा गेले, म्हणजे एकच प्रश्न उरला. तो कुणी विचारत नव्हतं, पण घरातला प्रत्येक जण त्याला वळसा घालून चालत होता, आजाऱ्याच्या पलंगाला घालतात तसा. निनादच्या बायकोने, केतकीने, पाचव्या दिवशी स्वतःहूनच सांगितलं, “मला काही नाही रे. पण आपल्याकडे लिफ्टला केवढी गर्दी असते. तो घाबरेल बिचारा.”

“हो ना,” निनाद म्हणाला. “त्याचाच विचार केला पाहिजे.” टेबलावर, कुणी आणलं ते न सांगता, मिरजेकडच्या परावलंबी माणसांच्या निवासाचं पत्रक येऊन पडलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी त्याने लॅपटॉप उघडला. इंजिनिअरने कुणाची मूर्ती उघडून बघायची नाही, असा कंपनीचा नियम होता. तो नियमही निनादनेच लिहिला होता, त्यामुळे मोडताना परक्यासारखं वाटलं नाही.

बाबांच्या मूर्तीत चारच कृती होत्या. ‘नेन्यांची_शिडी_परत_कर’. ‘माळ्यावरचा_पंखा_दुरुस्त_कर’. ‘निनादला_एकदा_निवांत_भेट’. आणि ‘पिंट्याला_सांभाळ’.

तिसरं नाव त्याने भरकन ओलांडलं. चौथ्यावर थांबला. मोठा मुलगा तो. घाटावर सगळे त्याच्याच तोंडाकडे बघणार, शेवटी कुणीतरी म्हणणार, ‘निनाद, बोल बाबा एकदा’, तो बोलणार, कावळा उतरणार, आणि मग जन्मभर लिफ्टमध्ये पिंट्या प्रत्येकाला ‘जेवलात?’ म्हणून विचारणार. कृतीच्या पोटात काय लिहिलंय ते त्याने उघडून पाहिलं नाही. नाव वाचल्यावर आत काय असणार ते उघड होतं. त्याने ओळ निवडली आणि काढून टाकली. शिडी आणि पंखा तसेच ठेवले. वडिलांच्या इच्छांचा मान राखला पाहिजे.

*

दहाव्या दिवशी घाटावर जेमतेम पंधरा माणसं होती. वझे गुरुजींनी पिंड मांडले, लोखंडी खांबावर कावळा नेऊन बसवला आणि शेजारच्या कडुनिंबाला माइक अडकवला.

“चला, मागे व्हा सगळे. बोला, यजमान. स्पष्ट आणि एकेकाने. परवा कुपवाडच्या मंडळींनी एकदम गलका केला, साहेब गोंधळून नदीत गेले.” गुरुजी कावळ्याला साहेब म्हणत. दिवसाला चार दहावे जमू लागले होते ते त्याच्याचमुळे.

निनाद पुढे झाला. पहिल्याच फटक्यात शिडी सांगितली तर लोक म्हणतील, याचंच यंत्र, याला कसं बरोबर ठाऊक? म्हणून आधी शोभेलसं काहीतरी बोलायचं त्याने ठरवलं होतं.

“बाबा, घर विकणार नाही.”

कावळा हलला नाही.

“बाबा, तुमच्या नावाने शाळेला पुस्तकं देईन.”

कावळ्याने मान वाकडी केली. पंधरा जणांनी श्वास धरला. त्याने मान सरळ केली.

मग इतरांनी हात धुऊन घेतले. केतकीने वर्षश्राद्ध पुण्यात न करता इथेच करायचं कबूल केलं. बाबांचे धाकटे भाऊ आप्पाकाका म्हणाले, “दादा, सत्त्याऐंशी साली तुला ‘कंजूष’ म्हणालो होतो, ते मागे घेतो.” थोडं थांबून ते निनादच्या कानाशी लागले, “होता पण कंजूष.” कुणी काशीला जायचं बोललं, कुणी तंबाखू सोडायचं. पिंट्या खांबाशी गेला आणि हात पुढे करून म्हणाला, “ये रे. जेव. भात आहे, ये.” त्या नावाची कृती मूर्तीत नव्हती. कावळा त्याच्याकडे एका डोळ्याने बघत बसून राहिला.

पस्तीस मिनिटं झाली. लाद्या तापल्या. जे सगळ्यांच्या मनात होतं ते कुणी तोंडातून काढेना. प्रत्येक जण वचन देताना पिंट्याकडे पाठ करून उभा राहत होता, हे निनादला आत्ता दिसलं. आता शिडी सांगून टाकावी म्हणून त्याने घसा खाकरला.

तेवढ्यात शर्वरी पुढे आली. ही निनादची बहीण, पिंट्याहून दोन वर्षांनी धाकटी, इस्लामपूरला दिलेली.  तिने पदर खोचला आणि माइककडे न बघता थेट कावळ्याकडे बघत म्हणाली,

“बाबा, पिंट्याला मी सांभाळीन.”

 नदीत कुणी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज. केतकीने डोळे मिटून घेतले, आणि ती नमस्कार करतेय असं वाटलं.

कावळा हलला नाही.

“परत म्हण, जोरात,” गुरुजी म्हणाले. त्यांचा स्वतःचा विश्वास बसत नव्हता.

“पिंट्याला सांभाळीन, बाबा! माझ्या घरी नेईन. आजच नेते. बाबा!”

कावळ्याने पिसं झाडली आणि पुन्हा अंगाला चिकटवून घेतली.

शर्वरी वळली. तिचा चेहरा बघून निनादला घाटाच्या पायऱ्या मोजाव्याशा वाटल्या.

“असं कसं, दादा?” ती हळूच म्हणाली. “मी सासूबाईंना विचारून आले होते. त्या म्हणाल्या, माझ्या घरात वेडंबागडं नको, पण कावळा त्याच्यावर शिवला तर मी कोण नाही म्हणणारी? प्रमाणपत्र आण, म्हणाल्या. खोली रिकामी करून आलेय रे मी.”

तिचे यजमान, सुहासराव, पुढे आले आणि तिचा खांदा धरला. “अगं, त्यांची इच्छा नसेल, तर आपण कोण जबरदस्ती करणार?” त्यांचा आवाज फार मऊ होता. सुटका झालेल्या माणसाचा आवाज नेहमीच मऊ होतो.

आणि मग सगळ्यांचेच खांदे खाली आले. गजाननरावांची ती इच्छा नव्हतीच! उगाच आपण इतका वेळ तोंड लपवत होतो. निनादच्या मावशींनी तर हातही जोडले. “बघा, गेलेल्या जिवाला सगळं समजतं. लेकीच्या संसारात विघ्न नको म्हणून अडून बसला हो!”

निनादने घड्याळ पाहिलं. चव्वेचाळीस मिनिटं झाली होती. कावळा बसूनच राहिला तर पुढचा दहावा खोळंबतो, अशी गुरुजी लोकांनी तक्रार केली होती, म्हणून मागच्या वर्षी एका दुपारी त्याने सोय करून दिली होती. पंचेचाळिसाव्या मिनिटाला नाव शोधायचं थांबवायचं. त्यानंतर ‘अमुक कर’, ‘तमुक करीन’ असं जे पहिलं वाक्य कानी पडेल, तीच दिवंगताची इच्छा समजायची आणि उतरायचं. तक्रारी थांबल्या होत्या. कुणाला काही कळलंही नव्हतं, कारण इतका वेळ उन्हात उभी राहिलेली माणसं काहीही पटवून घेतात.

म्हणजे मिनिटभराने नुसतं बोलायचं होतं. ‘शर्वरी, पुन्हा एकदा म्हण.’ एवढं बोलला असता तरी तिने म्हटलं असतं, आणि कावळा उतरला असता. त्याने तोंड उघडलं. पण दोनदा नाही म्हणालेला कावळा तिसऱ्यांदा हो कसा म्हणाला, असं कुणी विचारलं तर? सुहासराव बँकेत तपासनीस होते. तोंड उघडं ठेवून निनादने त्यावर विचार केला.

त्याचा विचार होईपर्यंत आप्पाकाका कडुनिंबाच्या सावलीला, म्हणजे नेमके माइकखाली, येऊन उभे राहिले होते.

“अहो, कसलं सांभाळता न् काय! ठेवा त्याला त्या निवासात आणि चला जेवायला. माझी साखर उतरायला लागली.”

कावळा झेपावला. एक सुबक गिरकी घेऊन मधल्या पिंडावर उतरला आणि चोच लावली.

“शिवला! शिवला!” गुरुजी ओरडले. पंधरा जणांनी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. पिशवीतलं यंत्र कुरकुरलं आणि कागद बाहेर आला. ‘त्याला निवासात ठेव, या वचनावर कावळा शिवला.’ आप्पाकाकांनी तो वाचला, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसला.

“दादा माझ्या तोंडून बोलला रे,” ते म्हणाले. त्यांना खरोखरच हुंदका आला.

पिंट्या पिंडाशी उकिडवा बसून कावळ्याला सांगत होता, “सावकाश. सावकाश जेव.”

*

परावलंबी निवास मिरजेच्या पलीकडे. प्रमाणपत्राचा फोटो पाठवल्यावर त्यांनी लगेच जागा दिली. असे फोटो त्यांच्याकडे आठवड्याला दोन-तीन यायला लागले होते. गाडी पाच वाजता येणार होती.

जेवणं झाल्यावर निनाद मागच्या खोलीत जाऊन बसला आणि त्याने कंपनीचं कोठार उघडलं. काढून टाकलेली कृती तिथे महिनाभर पडून असते. आता बघून काही उपयोग नव्हता, म्हणून बघायला हरकत नव्हती.

‘पिंट्याला_सांभाळ’च्या पोटात एकच अट होती. माइकवर आवाज शर्वरीचा असेल तर उतर. दुसरं कुणीही बोललं, तर जागचा हलू नकोस. खाली, ही अट कशावरून काढली त्याचा पुरावा म्हणून, बाबांचं दिवाळीतलं एक आवाजी टिपण होतं. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“पिंट्याचं शर्वरीशी बोलायचं. ती हो म्हणेल. सासूबाईंचं अवघड आहे, त्यांना मी स्वतः जाऊन भेटेन. निनादला यात ओढायचं नाही. त्याला झेपणार नाही, आणि नाही म्हणावं लागलं तर आयुष्यभर मनाला खाईल त्याच्या. त्याला सांगायचंच नाही.”

निनादने ते एकदाच ऐकलं. मग कोठारही रिकामं केलं.

बाहेरच्या खोलीत शर्वरी पिंट्याचे कपडे पिशवीत भरत होती. पिंट्या तिच्या शेजारी बसून घडी घातलेले शर्ट पुन्हा उलगडून नीट घडी घालत होता.

“दादा,” ती मान वर न करता म्हणाली, “तुला आतलं बघता येतं ना? बाबांच्या यादीत होतं का रे ते? मी म्हटलं ते?”

पिंट्याने एक शर्ट गुडघ्यावर सरळ केला. स्वयंपाकघरात केतकी भांडी लावत होती, ती थांबल्याचं निनादला ऐकू आलं.

“नव्हतं,” तो म्हणाला.

“अजिबात?”

“शिडी होती. नेन्यांची.”

शर्वरीने हातातला शर्ट पिशवीत ठेवला. “म्हणजे शिडीची काळजी होती,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, बाबा माझ्यावरच टाकतील. दिवाळीत म्हणालेही होते, तुझ्याशी बोलायचंय म्हणून. मग नसेल वाटला भरवसा.” तिने नाक पुसलं. “यंत्र आहे म्हणा. चुकतही असेल.”

ती त्याच्याकडे बघत होती. दार इतकं उघडं होतं की आत ढकलायलाही कुणी नको होतं. ‘हो गं, चुकतं कधीकधी’ एवढंच. पण ते वाक्य इस्लामपूरला गेलं असतं, सासूबाईंनी विचारलं असतं, सुहासरावांनी कंपनीला पत्र लिहिलं असतं, आणि कंपनीने कोठार कुणी उघडलं ते पाहिलं असतं.

“नाही,” निनाद म्हणाला. “चुकत नाही.”

स्वयंपाकघरात भांडी पुन्हा वाजू लागली.

“मग ठीक आहे,” शर्वरी म्हणाली आणि उठली. “प्रत्येक कपड्यावर नाव घालायला सांगितलंय त्यांनी, धुलाईत अदलाबदल होते म्हणे. तू घाल. तुझं अक्षर चांगलं आहे. मी त्याची औषधं बघते.”

तिने मार्कर त्याच्या हातात दिला आणि आत गेली. निनादने पहिल्या शर्टाची कॉलर उलटली आणि ‘पिंट्या’ लिहायला सुरुवात केली.

“पूर्ण नाव हं, दादा!” ती आतून म्हणाली. “आधार कार्डावरचं!”

मार्कर कॉलरवर थांबला. शाई कापडात पसरू लागली. त्याने आठवून पाहिलं. शाळेत पिंट्या कधी गेलाच नव्हता. शर्वरीच्या लग्नपत्रिकेतही ‘चि. पिंट्या’ असंच छापलं होतं. आत शर्वरीला विचारणं शक्य नव्हतं.

“काय रे,” त्याने शेवटी हळूच विचारलं, “तुझं नाव काय?”

पिंट्याने हातातला शर्ट बाजूला ठेवला. ताठ बसला, हात मांडीवर घेतले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “श्रीरंग गजानन हर्डीकर. गावभाग. सांगली.”

आणि मग, निनादला माहीत नसेल म्हणून, त्याने समजावून सांगितलं.

“बाबांनी शिकवलंय. हरवलो तर सांगायचं.”

निनादने कॉलरवर ‘श्रीरंग’ लिहिलं. अक्षर खरंच चांगलं आलं. मग त्याने दुसरा शर्ट घेतला.